दिल्लीला मित्राकडे, नोकरी शोधायला

या वेळी एकाच विषयाची चार पत्रं आलीयत आणि चौघं चार बाजूंनी बोलतायत. एक दिल्लीला निघालाय, एकाला तिथे फसवायचा प्रयत्न चाललाय, एका आईची मुलगी तिथे आहे आणि एकाच्या घरी असे पाहुणे येऊन राहतात. म्हणून म्हटलं सगळं एकत्रच घेऊया. मी स्वतः ११ वर्षं दिल्लीत काढलीत, सुरुवात मैत्रिणीच्या खोलीवर गादी टाकूनच झाली होती, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २५ वर्षांचा, परभणीचा. एमबीए फायनान्स झालंय, दीड वर्ष एका पतसंस्थेत काम केलं, आता सोडलंय. फेब्रुवारीत तीन आठवडे दिल्लीला चाललोय, कॉलेजचे दोन मित्र लक्ष्मीनगरला सीए करतायत त्यांच्याकडे उतरणार. गुडगावला एक इंटरव्ह्यू फिक्स आहे, बाकी तिथे जाऊन बघणार. प्रॉब्लेम असा की मी दिल्ली कधीच बघितलेली नाही आणि मला मनापासून फिरायचंय, पण निघायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले "नोकरी शोधायला चाललायस की सहलीला?" आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. दोन्ही जमेल का? आणि करावं का?

उत्तर : करच. आणि चोरून नको करूस, बाबांना सांगून कर.

कसंय ना, नोकरी शोधणं हे दिवसातलं तीन-चार तासांचं काम असतं. सकाळी बसायचं, नवीन जागा बघायच्या, ज्या कंपनीत अर्ज करतोय तिची जरा माहिती काढायची, रेझ्युमे त्या जागेप्रमाणे थोडा बदलायचा, मेल पाठवायचे, आधी पाठवलेल्यांचा फॉलोअप घ्यायचा, संपलं. त्यानंतर उरतं ते निव्वळ वाट बघणं. आणि ही वाट तू लक्ष्मीनगरच्या एका खोलीत, दोन सीएची पुस्तकं उघडून बसलेल्या मित्रांच्या मध्ये, मोबाईलकडे बघत काढलीस तर आठ दिवसांत तुझं डोकं बधीर होईल, मित्रांनाही तुझी अडचण व्हायला लागेल आणि नवव्या दिवशी जो इंटरव्ह्यू असेल त्यात तुझा चेहरा सगळं सांगेल. मी हे बघितलंय, स्वतःचंच.

२००६ ची गोष्ट. मी मुनिरकाला मैत्रिणीकडे होते. गुडगावला उद्योग विहारमध्ये इंटरव्ह्यू होता, तेव्हा तिकडे मेट्रो नव्हती, धौला कुआंवरून बस पकडून गेले, दोन तास रिसेप्शनवर बसवलं आणि मग सांगितलं की जागा भरली. साधं सॉरीसुद्धा कोणी म्हणालं नाही. परत येताना खोलीवर जायचं अगदी जिवावर आलं, मैत्रीण विचारणार काय झालं आणि मला रडू येणार हे माहीत होतं, म्हणून तशीच लोधी गार्डनला गेले. तिथे तिकीट नाही, कोणी विचारत नाही. सिकंदर लोदीच्या मकबऱ्याच्या बाजूला गवतावर बसले, संध्याकाळची माणसं चालायला आलेली, म्हातारे, प्रेमी, बॅडमिंटन खेळणारी पोरं, ५०० वर्षांपूर्वीच्या भिंतींना टेकून कोणीतरी पराठे खात होतं. दीड तासाने उठले तेव्हा मन शांत झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नवीन अर्ज गेले. त्या दिवशी मी खोलीवर गेले असते तर ते अर्ज गेले नसते, हे मी आजही छातीठोक सांगते.

आता तुझ्याबद्दल बोलू. परभणीहून म्हणजे बहुतेक सचखंडनेच येशील. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, पोचायच्या दिवशी कुठलाही इंटरव्ह्यू ठेवायचा नाही, दुसऱ्या दिवशीसुद्धा शक्यतो नको. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं तेव्हा गाड्या तासन् तास लेट होतात, फेब्रुवारीत ते कमी होतं पण भरवसा नाही ठेवायचा. फेब्रुवारीत सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो आणि दुपारी छान कोवळं ऊन, दिल्ली बघायला याच्याइतके चांगले दिवस वर्षात फार थोडे मिळतात. मे-जूनमध्ये तू विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं मुकाट खोलीत बस, आणि ऑक्टोबर संपता-संपता थंडी सुरू होताना हवाच इतकी खराब असते की फिरायचं नावही काढू नये.

लक्ष्मीनगर ब्लू लाइनवर आहे, वैशालीकडे जाणाऱ्या फाट्यावर. गुडगावला जायचं तर ब्लूने राजीव चौक आणि तिथे यलो लाइन पकडायची. नोएडाला जायचं तर पुढच्याच यमुना बँक स्टेशनला बदलायचं, म्हणजे नोएडा तुला जवळ आणि गुडगाव लांब. नकाशावर सगळं दिल्लीच दिसतं पण गुडगाव हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात, आणि या दोन टोकांमध्ये जगणं फार वेगळं असतं. म्हणून इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा जाऊन ये. अगदी ऑफिसच्या गेटपर्यंत. सकाळी ९ वाजता राजीव चौकला गाडी बदलायला काय लागतं हे तुला अंगावर कळलं पाहिजे, कारण नोकरी लागली तर हेच रोज करायचंय. मी असे कितीतरी जण बघितलेत ज्यांनी पगाराचा आकडा बघून हो म्हटलं आणि चार महिन्यांनी रोजचे तीन तास प्रवास करून थकून सोडून दिलं. तर तू जो फिरणारेस ना, त्यातलं अर्धं फिरणं हे खरं तर नोकरीचंच काम आहे. गुडगावच्या सायबर सिटीत दुपारच्या सुट्टीत लोक कुठे जेवतात बघ, नोएडा सेक्टर ६२ ला संध्याकाळी सुटल्यावर माणसं कशी घरी जातात बघ, नेहरू प्लेस बघ, कॅनॉट प्लेसच्या बाराखंबा रोडवरची ऑफिसं बघ, आणि स्वतःला विचार की यातलं कुठलं मला झेपेल. फायनान्सवाल्याला या चारही ठिकाणी काम आहे.

मेट्रोचं स्मार्ट कार्ड पहिल्याच दिवशी काढ, दर फेरीला १० टक्के कमी पडतात. सगळ्यात लांबचं, म्हणजे ३२ किलोमीटरच्या वरचं तिकीट ६४ रुपये आहे, त्यामुळे गुडगावच्या दिवशी जाऊन-येऊन किती लागतील याचा हिशोब आधीच धर. पुन्हा पुन्हा गुडगावला जावं लागलं तर इंटरव्ह्यू एकाच दिवशी दोन येतायत का बघ, एचआरला विचारायला काही हरकत नसते, बाहेरगावहून आलोय म्हटलं की बहुतेक जण वेळ पुढेमागे करून देतात.

आणि परत येताना यलो लाइनवर उतरत ये! हे मला सगळ्यात जास्त आवडायचं. गुडगावहून येताना आधी कुतुबमिनार लागतो (स्टेशनपासून चालत लांब पडतो, शेअर रिक्षा मिळते), मग हौज खास, मग दिल्ली हाटचं (हस्तकलांचा बाजार) आयएनए स्टेशन, मग जोरबाग म्हणजे लोधी गार्डन आणि सफदरजंगचा मकबरा. इंटरव्ह्यू दुपारी दोनला संपला तर चार वाजता तू मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात असू शकतोस, तिथे सुलतान बल्बनची कबर आहे, राजों की बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, जमाली कमालीची छोटीशी सुंदर मशीद आहे आणि गर्दी कुतुबच्या मानाने काहीच नाही. फक्त बॅगेत एक साधा टीशर्ट ठेव आणि शर्ट बदल, कारण दिल्लीच्या धुळीत तोच शर्ट उद्या परत घालता येणार नाही. लक्ष्मीनगरच्या गल्लीत झाडाखाली टेबल टाकून प्रेसवाला असतोच, त्याला रात्रीच कपडे दे.

सोमवार मात्र पूर्ण अर्जांसाठी ठेव. नॅशनल म्युझियम, लाल किल्ला सोमवारी बंद असतात, त्यामुळे मनाला ओढही कमी. कुतुबमिनार आणि हुमायूंचा मकबरा रोज उघडे असतात.

बघायचं काय ते मी यादी करून देणार नाही, यादी कुठेही मिळेल. पण तीन गोष्टी मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

नॅशनल म्युझियममध्ये मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी आहे. शाळेच्या पुस्तकात तिचा फोटो बघून आपल्याला वाटतं चांगली हातभर मूर्ती असेल, प्रत्यक्षात ती साडेदहा सेंटीमीटरची आहे, तळहातावर मावेल एवढी. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ब्राँझमध्ये एका मुलीचा कमरेवर हात ठेवलेला तोरा पकडला आणि तो अजून तसाच आहे. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा काचेसमोरून हलवेना.

दुसरं लाल किल्ला. आपण मराठी माणसांनी तो मुघलांचा म्हणून बघून परत येऊ नये. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली ती पानिपतच्या आधी काही महिने, आणि सैन्याला पैसे नव्हते म्हणून दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढली, ते दालन तू बघशील. पुढे जानेवारी १७७२ मध्ये महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाह आलमला परत दिल्लीत आणून तख्तावर बसवलं. त्या दालनात उभं राहून हे आठवलं की आपण नुसते तिकीट काढून आलेले पाहुणे आहोत असं वाटत नाही. तसंच तालकटोरा, आता तिथे बाग आणि स्टेडियम आहे, मार्च १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांची फौज याच भागात येऊन थडकली होती आणि मुघल बादशहाच्या फौजेला तिने हरवलं होतं. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ ला ९८वं मराठी साहित्य संमेलन झालं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. दिल्लीतलं आधीचं १९५४ चं, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचं. मधे ७० वर्षं गेली!

तिसरं मंडी हाऊस. हे ठिकाण पर्यटक सहसा करत नाहीत आणि मला वाटतं नोकरी शोधणाऱ्यासाठी दिल्लीत याहून चांगली जागा नाही. एका चौकाभोवती नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, कमानी आणि श्रीराम सेंटर ही नाट्यगृहं, त्रिवेणी कला संगम, आणि रवींद्र भवनात साहित्य अकादमी. त्रिवेणीत चित्रांची प्रदर्शनं फुकट बघता येतात. मी दुपारी साहित्य अकादमीच्या लायब्ररीत जाऊन बसायचे, आणि तिथेच एका बाईंशी ओळख झाली, त्या दर्यागंजच्या अन्सारी रोडवर एका प्रकाशनात काम करायच्या, त्यांनीच सांगितलं की आमच्याकडे माणूस हवंय. सहाव्या आठवड्यात मला नोकरी लागली ती तशी. मी तिथे नोकरी मागायला गेलेच नव्हते, पुस्तक वाचायला गेले होते. असं तुझंही होईल असं मी म्हणत नाही, पण खोलीत बसून नक्की झालं नसतं.

जुनं महाराष्ट्र सदनही तिथेच जवळ, कोपर्निकस मार्गावर आहे आणि नवीन कस्तुरबा गांधी मार्गावर. घरची फार आठवण आली की सदनाच्या कॅन्टीनला जाऊन जेवून ये. दिल्लीत मराठी माणसं भरपूर आहेत, पहाडगंजला तर नूतन मराठी शाळासुद्धा आहे. पण कोणी मराठी भेटलं की पहिल्याच वाक्यात "माझं काही जमेल का" असं नको. विचार की तुम्ही कुठे राहता, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, पहिल्या वर्षी काय अवघड गेलं. लोक याचं उत्तर खूप मनापासून देतात, आणि तुझ्याबद्दल मग आपोआपच विचारतात.

आणि हिंदी. आपली मराठी हिंदी मुंबईत चालते, तिथे खटकते. "मेरेको" म्हणू नको, "मुझे" म्हण. सगळ्यांना "आप", रिक्षावाल्यालासुद्धा, वॉचमनलासुद्धा. आपल्याला "तुम" मध्ये काही गैर वाटत नाही पण समोरच्याला लागतं, आणि इंटरव्ह्यूमध्ये इंग्लिशमधून मधेच हिंदीत शिरलास तर तिथे हे लगेच ऐकू येतं.

राहिले बाबा. बाबांची भीती खरी आहे, त्यांना वाटतंय तीन आठवडे आणि पैसे दोन्ही जातील. तर रोज रात्री फोन कर आणि आधी आज किती अर्ज गेले, कुणाचा फोन आला ते सांग आणि मग आज काय बघितलं तेही सांग. लाल किल्ल्यातलं ते चांदीचं छत त्यांना सांग. मला खात्री आहे दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच विचारतील आज कुठे गेला होतास म्हणून.

प्रश्न : ताई, अर्जंट आहे. मी दिल्लीत मित्राकडे आलोय नोकरीसाठी. एका कन्सल्टन्सीचा फोन आला, फोनवरच इंटरव्ह्यू घेतला, दहा मिनिटांत सिलेक्ट झालो म्हणाले, ऑफर लेटरपण व्हॉट्सॲपवर आलं मोठ्या कंपनीच्या नावाचं. आता ट्रेनिंग किट आणि सिक्युरिटी डिपॉझिट म्हणून ४,५०० भरायला सांगतायत आणि ओरिजिनल सर्टिफिकेट घेऊन ऑफिसला या म्हणतायत. पैसे परत मिळणार आहेत म्हणे. भरू का?

उत्तर : नाही. एक रुपया नाही आणि ओरिजिनल कागद तर अजिबात कोणाच्या हातात देऊ नको, दाखवायचे असतील तर झेरॉक्स.

खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. किट नाही, डिपॉझिट नाही, व्हेरिफिकेशन फी नाही, लॅपटॉपचे पैसे नाहीत. दहा मिनिटांच्या फोनवर कोणी कायमची नोकरी देत नाही. ऑफर लेटर ज्या कंपनीच्या नावाचं आहे तिच्या वेबसाइटवरचा नंबर तू स्वतः शोध आणि तिथे फोन करून विचार, त्यांनी पाठवलेल्या लेटरवरचा नंबर लावू नको कारण तो त्यांचाच असतो. मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय तेही बघ, कंपनीच्या नावाचा आहे की साधा जीमेल.

तू अजून भरलेले नाहीस असं पत्रावरून दिसतंय. भरले असतील आणि सांगायला संकोच वाटत असेल तरी आत्ताच्या आत्ता १९३० वर फोन कर, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, जितक्या लवकर सांगशील तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि मित्राला सांग. बाहेरगावी एकटं असताना हे लपवावंसं वाटतं, घरी कळलं तर काय म्हणतील म्हणून, आणि त्याच लाजेवर या लोकांचा धंदा चालतो. यात तुझी काही चूक नाहीये. नोकरीची गरज असलेल्या माणसाला "सिलेक्टेड" हा शब्द ऐकून आनंद होणारच.

प्रश्न : माझी मुलगी (वय २४) दोन महिने झाले दिल्लीत मैत्रिणीकडे राहून नोकरी शोधते आहे. आम्ही सांगलीला. रोज इन्स्टावर फोटो, आज हुमायूंचा मकबरा, उद्या दिल्ली हाट, परवा कुठली तरी कॉफी. नातेवाईक विचारतात "लागली का नोकरी? मजा चाललेली दिसते." मला काय उत्तर द्यावं कळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडायला लागलाय. विचारलं की चिडते.

उत्तर : तुमची काळजी अगदी समजते. पण एक बघा, मुलगी फोटो टाकते तो दिवसातला एक तास असतो. बाकीचे तास ती टाकत नाही. "आपल्या अर्जाबद्दल धन्यवाद, परंतु" अशी सुरुवात असलेल्या मेलचा फोटो कोणी काढत नाही, दुसऱ्याच्या घरात सकाळी बाथरूमसाठी थांबलेल्याचा फोटो नसतो, इंटरव्ह्यू छान झाला असं वाटून आठ दिवस एकही फोन आला नाही त्याचाही नसतो. दोन महिने हे चाललं असेल तर मकबऱ्याच्या बागेत एक संध्याकाळ काढणं ही तिची मजा कमी आणि गरज जास्त असेल. हुमायूंच्या मकबऱ्याशेजारी सुंदर नर्सरी म्हणून मोठी बाग आहे, तिथे हिवाळ्यात उन्हात चटई टाकून कितीतरी तरुण पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली असतात. त्यातल्या किती जणांनी तिथूनच अर्ज पाठवले असतील कोणास ठाऊक.

म्हणून "लागली का" हा प्रश्न थोडे दिवस बंद करा. लागली तर ती सांगणारच, सगळ्यात आधी तुम्हालाच सांगणार. त्याऐवजी विचारा की या आठवड्यात कुठल्या जागा आवडल्या, कुठला इंटरव्ह्यू अवघड गेला, त्यात काय विचारलं. ज्या प्रश्नाला हो-नाही उत्तर नाही असा प्रश्न विचारला की ती चिडणार नाही, बघा तुम्ही.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलायलाच हवी, पैसे आणि तारीख. फोनवर ओझरतं नको, एकदा व्हिडिओ कॉलवर शांतपणे बसून. आपण महिन्याला इतके देऊ शकतो, अमुक महिन्यापर्यंत, त्यानंतर आपण मिळून परत विचार करू, परत येणं हाही एक मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. ही तारीख तिच्यावर लादू नका, तिलाच सुचवू द्या. माझ्या अनुभवात मुलं आपण दिली असती त्याच्या आधीचीच तारीख सांगतात. आणि मैत्रिणीकडे दोन महिने झालेत तर तिथल्या भाड्यात आणि किराण्यात वाटा देते का हेही विचारा, देत नसेल तर आधी ते सुरू करायला सांगा. मैत्री तुटण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

सुरक्षिततेची भीती पत्रात तुम्ही लिहिली नाहीयेत पण ती असणार. दिल्लीत मेट्रोचा जायच्या दिशेने पहिला डबा बायकांसाठी राखीव असतो, तो प्रवास चांगला आहे. काळजी असते ती स्टेशनवर उतरल्यापासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याची. तेवढ्या तुकड्यासाठी, रात्र झाली असेल तर, मैत्रिणीला लोकेशन पाठवायची सवय तिने लावून घ्यावी, आणि रात्री त्या शेवटच्या तुकड्याला रिक्षाचे पैसे वाचवू नयेत. तेवढे पैसे तुम्ही वेगळे पाठवा आणि सांगा की हे रिक्षाचेच आहेत.

नातेवाईकांना सांगा, "शोधते आहे, आणि दिल्लीही बघते आहे." एवढंच. पुढे स्पष्टीकरण देत बसू नका.

प्रश्न : मी उलट बाजूने विचारतोय. चार वर्षं दिल्लीत आहे, वन बीएचके आहे, आणि गावाकडून नोकरी शोधायला येणारा प्रत्येक जण माझ्याकडे उतरतो. आता एक जिवलग मित्र येतोय. मला तो यायला हवाय, पण मागच्या वेळी एक जण "आठ दिवस" म्हणून आला आणि अडीच महिने राहिला, शेवटी बोलणं बंद झालं. या वेळी तसं व्हायला नको. घरमालकही कटकट करतो.

उत्तर : तो यायच्या आधी बोल, आल्यावर नाही. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या मित्राशी दिवसांची गोष्ट कोणालाच काढता येत नाही. फोनवर सरळ म्हण, "तीन आठवडे माझ्याकडे रहा, बिनधास्त, त्यानंतर लागलं तर आपण दोघं मिळून तुझ्यासाठी पीजी, म्हणजे पेइंग गेस्टची खोली बघू." "दोघं मिळून" हे नक्की म्हण, कारण त्याला घालवतोय असं वाटता कामा नये आणि तू खरंच बरोबर जाणारही आहेस. घरमालकाला त्याचं नाव आणि तारीख आधीच सांगून टाक, एक आयडीची झेरॉक्स दे, अर्धी कटकट तिथेच संपते. त्याला एक किल्ली करून दे, नाहीतर तो दिवसभर तुझ्या वेळेला बांधला जातो आणि तू त्याच्या. किराण्याचे पैसे तो द्यायला लागला तर नको-नको करू नको, घे. त्याला तेवढंच हलकं वाटेल.

आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्या-आल्या "काय झालं आजचं?" असं विचारू नको. चहा होऊ दे. झालं असेल तर तो सांगेल.

तू चार वर्षं तिथे आहेस म्हणजे तूही बहुतेक बरंचसं बघायचं बाकी ठेवलं असशील, तिथे राहणाऱ्यांचं तसंच होतं. एका रविवारी त्याला महिला हाटच्या पुस्तकबाजारात घेऊन जा, पूर्वी दर्यागंजच्या फुटपाथवर भरायचा तो, २०१९ पासून तिथे भरतो, दिल्ली गेट स्टेशनला उतरायचं. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगली पुस्तकं उचलली गेलेली असतात.